आमच्या घरातली टंचाई शाखा

त्या उन्हाळ्यात दिल्ली आणि मुंबई आमच्या गारखेड्याच्या घरात एकाच सोफ्यावर बसायच्या. दिल्लीच्या बाजूनं माझे वडील, मुंबईच्या बाजूनं माझे सासरे आणि मधे एक उशी. सातच्या बातम्या लागल्या की अधिवेशन सुरू. सभापती मी. पण असा सभापती की ज्याला चहाही करावा लागतो आणि नंतर कपही उचलावे लागतात.

करोनाची दुसरी लाट होती. दादा, म्हणजे माझे वडील, होळीच्या सुमारास वैजापूरकडच्या आमच्या खेड्यातून मोतीबिंदूसाठी शहरात आले. एक डोळा झाला. दुसऱ्याची तारीख मिळायच्या आत निर्बंध लागले, दवाखान्यानं 'नंतर बघू' म्हटलं आणि गावाकडून फोन आला की आळीत घरटी एक जण खोकतोय. दादांना जुना दमा. मी त्यांची पिशवी कपाटावर टाकली आणि सांगितलं, आता इथून हलायचं नाही.

लेकीच्या घरी राहायचं, तेही तिचे सासरे घरात असताना, हे दादांना फार अवघड वाटायचं. लेकीच्या घरचं फुकट खाल्लं असं कुणी म्हणू नये म्हणून येतानाच ते बाजरीचं पोतं, कांद्याची गोणी आणि तुपाचा डबा घेऊन आले होते. "म्या माझंच खातो," असं ते पेपरवाल्यालासुद्धा सांगायचे. पोतं तळाला गेलं की मी दुकानातून बाजरी आणून हळूच त्यात ओतायचे. तरी ते जरा जास्तच भरलेलं वाटायचं. एकदा दुपारी बघते तर मामा, म्हणजे माझे सासरे, पिशवी घेऊन पोत्यावर ओणवे झालेले. मला बघून दचकले. "उंदीर आहे का बघत होतो," म्हणाले. दादा मात्र पोत्यावर हात फिरवून सांगायचे, "लई बरकत हाय ह्या पोत्याला."

मामा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. तिथल्या टंचाई शाखेत त्यांनी उभी हयात घालवली. पावसानं दगा दिला की कुठल्या गावाला टँकर द्यायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, किती खेपा मंजूर करायच्या, हे कागद ज्या टेबलावर फिरतात त्या टेबलाचं हे नाव. मामांना त्या नावाचा एवढा अभिमान की घरातली साखर संपली तरी ते 'टंचाई निर्माण झाली आहे' असं म्हणायचे. समोर अर्ज घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा बघून आपल्याला कळायचं, टँकर गावाला पाहिजे का सरपंचाच्या बागेला, असा त्यांचा दावा होता. "खरी टंचाई मला वासावरनं कळते," म्हणायचे. ह्यावर दादांचं म्हणणं असं की टंचाई शाखा होती म्हणूनच टंचाई होती.

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि दोन इवायांमधला मान सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत. दादांच्या लेखी मामा मुलाकडचे. मुलाकडच्यांनी घास उचलल्याशिवाय मुलीच्या बापानं उचलायचा नाही. मामांच्या लेखी दादा पाव्हणे. पाव्हण्यांच्या आधी घरच्या माणसानं ताटाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी भाकरी वाळून पापड झाली तरी दोघांचं "घ्या", "नाय, तुमी घ्या" चालूच. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. मी 'हं' म्हटलं की दोघांनी एकदम घास मोडायचा. मी शाळेत शिक्षिका आहे. वर्ग कसा चालवायचा ते मला कळतं.

भांडणाचंही तसंच. इवायाला तोंडावर 'तुम्ही चूक' म्हणणं म्हणजे घोर अपमान. म्हणून दोघं एकमेकांशी राजकारण बोलायचेच नाहीत. माझ्याशी बोलायचे.

"बाई, तुझ्या सासऱ्यांना इचार, दिल्लीनं लशीचे डबे इमानानं धाडले, ते गेले कुठं?"

"सूनबाई, तुझ्या वडलांना सांग, डबे मी पण रोज टीव्हीत बघतो. डब्यात लस किती असते ते उघडल्यावर कळतं."

"इचार त्यांना, मुंबईवाल्यांनी वाया किती घातली?"

"सांग त्यांना, वाया घालवायला आधी यावी लागते."

दोघांमधे एका उशीचं अंतर. शब्दन् शब्द ऐकू जायचा. तरी मी मधे "बरं" म्हणायचं आणि मगच पुढच्यानं तोंड उघडायचं. एखाद्या दिवशी मी रागानं "बरं" म्हटलंच नाही तर दोघं माझ्या तोंडाकडं बघत बसायचे, आणि तेवढ्यात जाहिराती लागायच्या.

दादांचा मुद्दा एकच. टंचाई नाहीच, वाटपात घोळ आहे. मामांचा मुद्दाही एकच. वरूनच येत नाही, मग वाटणार काय? औषध असो, ऑक्सिजन असो, लस असो, दोघांची गाडी ह्याच दोन रुळांवर. शहराला कुठल्या नावानं हाक मारायची ह्यावरूनही दोघांचं पटत नव्हतं, म्हणून आमच्या घरात त्या महिन्यांत नुसतं 'शहर' म्हणायचा हुकूम मी काढला होता. आणि मला विचाराल तर मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही सारखाच संताप यायचा. बाहेर रुग्णवाहिकांचे भोंगे चालू होते. चितेगावला ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीत पत्रा कापायला जो ऑक्सिजन यायचा तो दवाखान्यांकडं वळवला होता, तेव्हा ह्यांची मशिनं बंद. गल्लीतल्या दोन घरांची दारं आठवडाभर उघडली नव्हती. आणि आमच्या सोफ्यावर मंत्रिमंडळ.

दादांचे नेहमीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "दमा आहे, वय आहे. ह्यांना लस लवकर द्या. ह्यांना झाला तर बेड कुठं मिळणार, मला सांगता यायचं नाही."

तेव्हापासून माझ्या पोटात एक गोष्ट बसली, ती मी कुणालाच सांगितली नाही. मामाही सत्तरीचे. त्यांना साखरेचा आजार. सून म्हणून मी दोघांसाठी सारखीच धावपळ करायला हवी होती, आणि दिसायला करतही होते. पण आतून मला आधी माझे दादा पाहिजे होते. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तेवढे एकच. हे मनात आलं की मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी मामांच्या चहात जास्तीचं आलं घालायचे.

लसीकरण केंद्र जवळच्या एका शाळेत होतं. पहाटे जाऊन नंबर लावायचा, सातला टोकन मिळायचं. मैदानात चुन्यानं गोल आखलेले, एकेका गोलात एकेक माणूस. पण आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. टँकरच्या रांगेत माणसानं उभं राहायचं नसतं, भांडं उभं करायचं असतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळं पहिल्या दिवशी मी पोचले तर प्रत्येक गोलात एकेक पाण्याचा कॅन, बादली नाहीतर कळशी, आणि माणसं सगळी लिंबाच्या सावलीत एकमेकांना चिकटून. मीही आमचा निळा कॅन ठेवला. थोड्या वेळानं गल्लीचा टँकर आला. ड्रायव्हरला रांगेनं भांडी दिसली. त्यानं पाइप टाकला आणि पहिल्यापासून भरत सुटला. लोक धावले, पण ओरडावं की भरू द्यावं हे कुणाचं ठरेना, कारण पाण्याचीही गरज होतीच. शेवटी सगळ्यांनी कॅन भरून घेतले आणि उचलून घरी नेले. परत येईपर्यंत नंबर कुणाचा कितवा हे देवालाही सांगता आलं नसतं. तो दिवस पाण्यात गेला.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. ह्या वेळी भांडं नेलं नाही, स्वतः उभी राहिले. शेवटची दोन टोकनं मिळाली. दोघांना बोलावून घेतलं. दादा हिरवा चष्मा लावून, मामा कागदपत्रांचं फोल्डर काखेत मारून. दुपारी एकच्या सुमाराला नंबर आला तेव्हा सिस्टरनं वर बघून सांगितलं, "एकच डोस उरलाय. दोघांपैकी कोण घेणार?"

मी तोंड उघडलं. 'दादांना द्या, त्यांना दमा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण शेजारी सासरे उभे. सुनेनं कसं म्हणायचं?

"इवाई, बसा तुमी," दादा म्हणाले.

"छे छे. पाव्हणे तुम्ही. तुम्ही बसा."

"असं कसं? मुलाकडचे तुमी. तुमच्या आदी म्या सुई घेऊ व्हय?"

"तुम्हाला दमा आहे, इवाई."

"तुमाला शुगर हाय. आन मानपान हाय का नाय?"

राजकारणात वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकांना इंचभर जागा दिली नाही, ते खुर्ची एकमेकांकडं सरकवत होते. खुर्ची दोनदा इकडून तिकडं गेली. सिस्टर म्हणाली, "काका, ठरवा लवकर, उघडलेली बाटली आहे." मी 'हं' म्हणू म्हटलं, पण सुई एकच. मागं एक रिक्षावाले उभे होते, पांढरी दाढी, बाही खांद्यापर्यंत वर करून तयार. टोकनं वाटताना त्यांचा नंबर चुकून आमच्या मागं गेला होता, म्हणून त्यांना थांबवून ठेवलेलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग अदबीनं म्हणाले, "चाचा लोगां, तुम्हारा फैसला होने तक मैं लगा लेतौं." सिस्टरनं क्षणाचाही विचार केला नाही.

त्या बिचाऱ्या रिक्षावाल्यांना एवढं वाईट वाटलं की त्यांनी आम्हा तिघांना आपल्या रिक्षातून घरी सोडलं. वाटेत दोघं त्यांना हात दुखतोय का विचारत होते. घरात पाऊल टाकलं आणि माझा तोल गेला. वडील आणि सासरे दोघांना एकत्र समोर उभं करून मी आयुष्यात पहिल्यांदा झापलं. "मान काय सलाईनमधून चढवणार आहात का?" असंही म्हणाले. दोघं मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर दादा हळूच म्हणाले, "बाई, तुझ्या सासऱ्यांना सांग, दिल्लीनं दोन धाडले असते तर..." आणि एकदम थांबले. चुकून मामांचाच मुद्दा बोलून बसले होते. मामांनी ते सोडलं नाही. पुढचे चार दिवस तेच.

मग केंद्राला कुलूप लागलं. साठा नाही. जवळजवळ दोन आठवडे रोज सकाळी मी जाऊन कुलूप बघून यायचे. दादा खोकले की मी हातातलं काम टाकून ऐकत राहायचे, सुका आहे का ओला. ऑनलाइन वर्गात मुलं म्हणायची, "बाई, तुम्ही मधेच कुठं जाता?"

एका सकाळी हे केंद्रावरून आले आणि हातात टोकन होतं. एकच. दुसऱ्या दिवशीचं. मी ते टेबलावर पाण्याच्या पेल्याखाली ठेवलं. दोघांनीही ते बघितलं. पण मला माझी माणसं ठाऊक. उद्या पुन्हा खुर्ची इकडून तिकडं जाणार आणि कुणी तिसराच बाही वर करणार.

त्याच दिवशी दुपारच्या चहाआधी मामा 'गोळ्या आणतो' म्हणून बाहेर पडले. तासाभरानं आले ते बाही दुमडून, दंडावर पट्टी लावून. सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "झालं बुवा माझं. कचेरीतला जुना सहकारी भेटला, त्यानं एका केंद्रावर नेलं. डोस नुसते पडलेत तिथं. घ्यायला माणूस नाही."

दादा ताडकन उठून बसले. "नुसते पडलेत?"

"पडलेत."

"म्हंजी टंचाई नाय?"

मामांनी खिडकीकडं बघितलं. ज्या माणसानं बदलीची धमकी आली तरी टँकरची एक खेप कमीजास्त लिहिली नाही, असं सगळी कचेरी सांगायची, तो माणूस म्हणाला, "नाही. तुमचं खरं होतं. टंचाई नाही. वाटपात घोळ आहे."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझं लक्ष दंडावरच्या पट्टीवर गेलं. केंद्रावर कापसाचा बोळा दाबून धरायला देतात, पट्टी लावत नाहीत. आणि ह्या पट्टीवर अस्वल होतं. पिवळ्या टोपीतलं. माझ्या लेकीनं गुडघ्यासाठी हट्टानं घ्यायला लावलेल्या डब्यातली ती शेवटून दुसरी पट्टी होती. दादांचा एक डोळा झालेला, दुसऱ्यावर पडदा आणि वर हिरवा चष्मा. त्यांना अस्वल दिसायचं कारणच नव्हतं.

मामांनी मला बघताना बघितलं. बाही हळूच खाली ओढली.

"सूनबाई, चहा दे. निवतोय."

मी चहा दिला. त्या वेळी मी बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. पण मी बोलले नाही. मामा खोटं बोलतायत हे कळत असताना मी कप त्यांच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, बरं झालं. आजही ते आठवलं की जीव कसनुसा होतो.

दादांचा मात्र मान वगैरे सगळा प्रश्न मिटला. इवायांचं आधी झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते लग्नाला निघाल्यासारखे टोपी घालून गेले आणि डोस घेऊन आले. आल्या आल्या गावाकडं फोन. "इवायांनी सोताच्या तोंडानं मान्य केलं, टंचाई नाय म्हनून. टंचाई शाखेचा मानूस हाय, बरं का!" हा फोन त्यांनी किमान दहा जणांना केला.

आता रोज सातला सोफ्यावर एकच पक्ष उरला. टीव्हीवर कुणी 'तुटवडा' म्हटलं की दादा माझ्याकडं बघायचे. "बाई, सांग की तुझ्या सासऱ्यांना, तो बघ काय बडबडतोय." मामा म्हणायचे, "व्हय, खरं आहे त्यांचं." मामांच्या तोंडून 'व्हय' ऐकलं की मला काटे टोचायचे. एकदा एका गावात लशीसाठी लोक झोपून रांगेत थांबलेले दाखवले. मामांचे ओठ हलले. मग त्यांनी रिमोट घेतला आणि भजनाचं चॅनेल लावलं.

मी आता त्यांच्यासाठी वेड्यासारखी मागं लागले. मोबाईलवर नोंदणी उघडली की डोळे मिटायच्या आत जागा भरून जायच्या. शाळेचा वर्ग चालू असताना एका हातानं फळा आणि दुसऱ्या हातानं तारीख शोधायची. एकदा चितेगावची जागा मिळाली. दादांना सांगितलं, "पेन्शनच्या कागदाचं काम आहे." हे मामांना स्कूटरवर पैठण रोडनं घेऊन गेले. केंद्राच्या दाराला पुठ्ठा टांगलेला होता, 'आज लस शिल्लक नाही'. हे चिडले. मामा मात्र त्या पुठ्ठ्यासमोर उभे राहिले, मोबाईल काढला आणि नीट, अक्षरं सरळ येतील असा फोटो घेतला. घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात दाखवला.

"बघ. पुरावा. शिक्का तेवढा नाही, पण पुरावा आहे."

"दादांना दाखवा की मग," मी बोलून गेले.

मामा माझ्याकडं बघतच राहिले आणि मग एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आयुष्यातला सगळ्यात पक्का पुरावा त्यांच्या खिशात होता आणि तो दाखवायची सोय नव्हती.

त्यानंतर आठ दिवसांत त्यांना ताप भरला. तीन दिवस उतरेना. तपासणीचा निकाल यायला उशीर लागत होता. ज्यांच्या वाट्याचं मी माझ्या बापाला जाऊ दिलं, ते माणूस आतल्या खोलीत कण्हत होतं. आणि दादा माझी समजूत काढत होते, "तू कशाला घाबरतीस? डोस घेतलेल्या मानसाला काय व्हत नसतंय. तो तापच लशीचा असंल." मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. चौथ्या दिवशी निकाल आला. करोना नव्हता. मी मोरीत जाऊन नळ सोडायला गेले, म्हणजे रडल्याचा आवाज जाणार नाही. पण नळाला पाणी यायचा तो दिवस नव्हता. तशीच रडले.

दिवस गेले. लाट ओसरली. दोन डोसांमधलं अंतर सरकारनं वाढवलं, त्यावर दादा म्हणाले, "शास्त्र हाय ते." मामा म्हणाले, "व्हय." शेवटी दादांच्या दुसऱ्या डोसाची वेळ आली. आधी तापामुळं, मग साखर वाढल्यामुळं डॉक्टरांनी मामांना थांबायला सांगितलेलं, त्यांचा पहिला अजून राहिलेलाच. केंद्रावर आता रांगही नव्हती.

"दोघं संगंच जाऊ," दादांनी जाहीर केलं. "पयला एका दिवसाच्या फरकानं झाला, तुमच्या दुसऱ्याची बी वेळ झालीच असंल की." मामांनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. नाही म्हणायला कारण सुचेना. आणि लस तर पाहिजेच होती.

त्याच शाळेतला तोच वर्ग, तीच खुर्ची. सिस्टरनं मामांचं कार्ड घेऊन मोबाईलमधे बघितलं. मामा तिच्याकडं वाकून हळू काहीतरी म्हणाले. ती मात्र साठ जणांना ऐकू जाईल अशा आवाजाची.

"हो काका, बरोबर. तुमचा पहिलाच आहे हा. आधी कुठंच घेतलेला नाही."

"घेतलाय की," दादा म्हणाले. "सिस्टर, नीट बगा. माझ्या आदल्या दिवशी घेतलाय."

"नाही हो आजोबा. नोंद नाही. ते स्वतःच आत्ता पहिला म्हणाले."

मामा भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता वाचत होते. दादांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. दादांना सगळं कळायला तेवढं पुरलं. ते दोन पावलं मागं सरकले.

"आदी त्यांना द्या," म्हणाले.

मामा ह्या वेळी 'तुम्ही आधी' म्हणाले नाहीत. गपचूप जाऊन बसले आणि बाही वर केली.

घरी आलो. मी चहाला आधण ठेवलं तेव्हा दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"त्याच दिवशी. पट्टीवर अस्वल व्हतं, दादा."

"आन तू गप ऱ्हायलीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तुमी पायजे व्हतात," मी म्हटलं.

दादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "ते बी कुनाचे तरी बाप हायत, बाई." मग जाऊन बाजरीच्या पोत्यावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. त्या पोत्याच्या बरकतीचाही त्यांना उलगडा झाला असावा.

सातला बातम्या लागल्या. दोघं आपापल्या जागी. मी नेहमीसारखी समोर मोढ्यावर. टीव्हीत कुणीतरी सांगत होतं की तेव्हा कशाचाच तुटवडा नव्हता. दुसरा म्हणत होता, होता. मी 'बरं' म्हणायला तयार होते. पण दादांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते सरळ मामांकडं वळले. बातम्या चालू असताना असं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"इवाई, टंचाई व्हती."

मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. खिशातून मोबाईल काढला. मधली उशी अडचण करत होती, ती दादांनी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून बसले. मामांनी फोटो शोधून मोबाईल त्यांच्या बऱ्या डोळ्यापाशी धरला. दादांनी पुठ्ठ्यावरचं एकेक अक्षर लावत वाचलं.

"हे लई दिसांचं दिसतंय. तवाच का नाय दाखवलं?"

"कसं दाखवणार?" मामा म्हणाले. "मी मान्य केलं होतं ना, तुमचं खरं आहे म्हणून."

दादांनी मोबाईल हातात घेतला आणि तो पुठ्ठा पुन्हा एकदा वाचला, ह्या वेळी मोठ्यानं.